दोन लाल गोल

तीनशे मीटरवरचं लक्ष्य मला दिसत नाही. अर्थात इतक्या लांबून ते कुणालाच नीट दिसत नाही. माझी नात संघमित्रा रायफलीमागून एक डोळा लावून बघते, तेव्हा तिलाही एक काळा ठिपका तेवढा दिसतो. गोळी त्या ठिपक्यात कुठे लागली हे सांगतो कॅमेरा. तो तिकडे, लक्ष्याच्या पुढे जरा बाजूला, वाळूच्या पोत्यांआड तिपाईवर बसवलेला असतो आणि बिनतारी चित्र पाठवतो. ते चित्र माझ्या मांडीपाशी ठेवलेल्या टॅबवर येतं. कागदाला नवीन भोक पडलं की टॅब त्याच्याभोवती आपोआप लाल गोल काढतो आणि आधीच्या भोकाचा गोल पुसून टाकतो.

येतं म्हणजे, चित्र त्याच्या मर्जीने येतं. आमची रेंज म्हणजे उरण रस्त्याच्या आत बंद पडलेली एक दगडखाण. तिन्ही बाजूंना कापलेला डोंगर. गोळ्या अडवायला उत्तम, पण कॅमेऱ्याच्या लहरी त्या कड्यांवर आपटून कुठे भरकटतात कोण जाणे. कधी चित्र लगेच येतं. कधी अडकतं आणि मग अडलेलं सगळं एकदम येऊन पडतं. “चित्राला दमा हाय,” असं नामदेव म्हणतो. नामदेव खाणीपलीकडच्या गावातला. कॅमेरे यायच्या आधी लक्ष्याखालच्या खंदकात बसून, प्रत्येक गोळीनंतर लांब दांडीवरची थाळी भोकावर धरून दाखवायचं काम तो करायचा. आता तो कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलतो, कागद लावतो आणि कॅमेऱ्यांना नावं ठेवतो.

गोळी सुटणं आणि चित्र येणं यांच्यामध्ये जी फट पडते, तिथे माझी नेमणूक आहे.

ते असं. आमच्या क्लबच्या जुन्या प्रशिक्षकांनी एक रीत पाडून ठेवली आहे. नेमबाजाने गोळी सोडली की स्क्रीनकडे बघायच्या आधी, ती कुठे गेली असेल ते बोलून टाकायचं. याला कॉल म्हणतात. ‘तीन वाजता, नऊ’ म्हणजे घड्याळातल्या तीनच्या बाजूला, नऊ गुणांच्या वर्तुळात. “आधी हाताला विचारा, मग डब्याला,” असं ते म्हणायचे. स्क्रीन बघून कुणी मागाहून आपला कॉल फिरवू नये, म्हणून ऐकायला शेजारी एक माणूस लागतो. त्याला इथे ‘कान’ म्हणतात. कानाने बोलायचं नसतं. ऐकायचं आणि टॅब सांभाळायचा. सरावाला सगळे आपापला कान आणतात. सामन्याच्या दिवशी मात्र ही रीत सोडून देतात. म्हणतात, लक्ष उडतं. संघमित्रा सोडत नाही.

तिचा कान मी. घरात रिकामा मीच, एवढंच त्याचं कारण. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, तिथेही फारसं बोलावं लागलं नाही. कुणी पुस्तक मागितलं तर “बहुतेक वरच्या फळीवर असेल” म्हणायचो. ते तिथेच असायचं. तरी पुढच्या वेळी पुन्हा बहुतेक. माझी बायको वेणू याला कंटाळली आहे. “नाव विचारलं तरी बहुतेक सीताराम म्हणतील,” असं ती चारचौघांत सांगते. त्या रविवारी कामोठ्याहून निघतानाही तिने संघमित्राला बजावलं, “आबांना जास्त काही विचारू नकोस गं. तिथंच बसतील विचार करत.”

त्या रविवारी निवडचाचणी होती. राज्य स्पर्धेला क्लबमधून दोघांना पाठवायचं होतं. पहिली जागा तेजस नावाच्या मुलाची, हे आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. उरली एक. ती मिळाली तर संघमित्राला स्पर्धा तर मिळणारच होती, पण मुख्य म्हणजे रायफल मिळणार होती. तेजसकडे स्वतःची आहे, पण क्लबकडे लांब पल्ल्याची एकच रायफल आहे. संघमित्रा आणि उन्नती ती आलटून पालटून वापरतात. जिची निवड होईल तिच्याकडे ती स्पर्धेपर्यंत राहणार आणि दुसरीने परत दहा मीटरवर, हवेच्या बंदुकीकडे जायचं.

संघमित्रा आठवडाभर तुर्भ्याच्या एका औषध कारखान्यात बाटल्या तपासते. दिव्यासमोर बाटली धरायची, आत काही तरंगतंय का बघायचं, पुढची घ्यायची. तिला तीनशे मीटर का लागतात हे मला नीट सांगता येणार नाही. एकदा ती म्हणाली होती, “आबा, तिथे मधे वारा असतो. दहा मीटरवर मधे काहीच नसतं.”

पहिल्या फेरीत तेजस आणि उन्नती झाले. दुसऱ्या फेरीत संघमित्रा आणि तिच्या शेजारच्या जागेवर यशराज. यशराज इथल्याच गावचा. घरच्या शेतांवर आता इमारती उभ्या आहेत आणि त्याच्याकडे स्वतःची परदेशी रायफल आहे. मुलगा मनाने वाईट नाही, पण गप्प बसवत नाही त्याला.

“काय आजोबा, आज पिक्चर कोणता लावलाय?”

“बहुतेक... लक्ष्यच आहे,” मी म्हणालो.

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि टॅबची काच पुन्हा एकदा पुसली.

उन्नतीने रायफल संघमित्राच्या हातात देताना सांगितलं, “नळी तापलीय. पहिल्या एक-दोन वर जातील. घाबरू नकोस.”

तिने हे सांगायला नको होतं, असं मला वाटलं. म्हणजे सांगितलं ते चांगलंच केलं, पण जिच्याशी चुरस तिने इतकं चांगलं वागायला नको होतं.

सामना सुरू झाला. संघमित्रा पोटावर पडलेली, मी तिच्या डाव्या बाजूला, जरा मागे, चटईवर मांडी घालून. दोघांच्या कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या. धडाका झाला की मी डाव्या कानावरची टोपी उचलायची, तिचा कॉल ऐकायचा, टोपी परत ठेवायची, टॅबकडे बघायचं. “बारा, दहा.” चित्र यायचं, लाल गोल बाराच्या बाजूला, दहात. “तीन, नऊ.” गोल तीनच्या बाजूला, नऊमध्ये. तिचा कॉल आणि कॅमेरा यांच्यात फरक जवळजवळ पडतच नव्हता. हे बघताना खरं तर मला आनंद व्हायला हवा. पण मला बसवत नव्हतं. पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि चित्र अडकलं की मला वाटायचं मीच कुठेतरी चुकीची जागा दाबली.

शेवटच्या काही गोळ्या उरल्या तेव्हा खाडीकडून वारा सुटला. खाणीच्या तोंडाशी लावलेली निशाणं आधी डावीकडे, मग एकदम उलटी फडफडली. संघमित्राने बोट चापावरून काढलं. वाट बघितली. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. शेजारी यशराजही थांबला होता. मग निशाणं क्षणभर खाली पडली आणि दोघांनी जवळजवळ एकाच वेळी गोळ्या सोडल्या.

मी टोपी उचलली. संघमित्राचा गाल अजून रायफलीच्या दस्त्यालाच टेकलेला होता.

“सात वाजता,” ती म्हणाली. “आठ.”

हळू म्हणाली. नेहमीपेक्षा हळू.

चित्र अडकलं होतं. मी टॅब थोडा उचलून धरला, जणू त्याने काही फरक पडतो. मग चित्र आलं आणि त्यात दोन लाल गोल होते. एक काळ्या ठिपक्याच्या बरोबर मध्यावर, दहात. दुसरा खाली डावीकडे, सातच्या बाजूला, आठात.

संघमित्राने मान वळवून टॅबकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी टोपी कानावर ठेवून दिली.

“माझी कुठाय?” यशराजचा आवाज टोपीतूनही आला. “अरे माझ्या कागदावर काहीच नाय!”

त्याने हात वर केला. पंच शर्मिला मॅडम आल्या. त्या संघटनेकडून आलेल्या, बाहेरच्या. त्यांनी दोघांचेही टॅब बघितले आणि म्हणाल्या, “क्रॉस फायर. तुझी गोळी हिच्या लक्ष्यावर गेली, यशराज. तुला शून्य.”

“पण मॅडम, तो दहा माझा हाय! माझी एकदम मधे गेली होती!”

“मधेच मारायची होती तर स्वतःच्या कागदाच्या मारायची.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“मग हिला कोणता धरणार?” यशराजने विचारलं.

“कोणती गोळी कुणाची हे कळलं नाही तर चांगली असेल ती हिची. तसा नियमच आहे. दुसऱ्याच्या चुकीचा भुर्दंड हिला कशाला?” त्यांनी टॅबवर बोट ठेवलं. “कोणती आधी आली, दिसलं का यात?”

“दोन्ही एकदम आल्या,” मी म्हणालो. हे खरं होतं.

“सांगितला ना मी,” नामदेव मागून म्हणाला. “दमा हाय.”

“ठीक आहे. हिला दहा. उरलेल्या गोळ्या पूर्ण करा.”

उरलेल्या गोळ्या संघमित्राने पूर्ण केल्या. प्रत्येक धडाक्यानंतर मी टोपी उचलली. कॉल आला नाही. एकदाही नाही. मी टोपी उचलून धरलेली, ती पुढे बघतेय, आणि मधे नुसता वारा.

कागद काढून आणले, मोजले, आणि फळ्यावर गुण लिहिले गेले. तेजस पहिला. संघमित्रा दुसरी. उन्नती तिसरी, फक्त एका गुणाने मागे.

“कुणाला हरकत घ्यायची असेल तर आत्ताच घ्या,” शर्मिला मॅडम म्हणाल्या. “चहा घेते, मग सह्या करते.”

बस्स, एवढा एक चहा.

मी पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो आणि परत आलो. परत गेलो. खरंच ऐकलं होतं का मी? टोपी उचलताना तिची कड कानाला घासते, खरखर होते. त्या खरखरीत आठ म्हटलं की दुसरंच काही? पण सात वाजता तर स्पष्ट होतं. आणि दहाचं भोक सातच्या बाजूला नव्हतंच, ते मध्यावर होतं. म्हणजे मग झालंच की. पण मग मला इतका स्पष्ट ऐकू आलेला शब्द माझाच कशावरून नसेल? आधी गोल बघितला आणि मग शब्द आठवला, असं नसेल कशावरून?

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मला माझी खोड माहीत आहे. रांगेत कुणी ‘मी आधी होतो’ म्हटलं की मी मागे सरतो, तो आधी नसला तरी. ऑफिसात दोघांनी एकच रजा मागितली तर मी माझी मागे घ्यायचो. शंका आली की निकाल आपल्याच माणसाच्या विरुद्ध द्यायचा, ही माझी जुनी सवय. याला मी आजवर सचोटी समजत आलो, पण ती नुसती भीतीही असेल. आज माझ्या भीतीपायी या मुलीची रायफल जाणार असेल तर?

ती स्कूटरजवळ उभी होती. जाड जाकिटाचे पट्टे सोडत होती, पुन्हा लावत होती.

“आबा, वडापाव खाणार?”

“नको.”

“मग बसा ना जरा. येरझाऱ्या काय घालताय?”

“तू बस.”

“मला नाही बसवत.”

“मित्रा, ती गोळी...”

“कोणती?” तिने पटकन विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

उन्नती आमच्याकडे आली. तिच्या हातात तेलाची बाटली आणि फडकं होतं. डोळे लाल होते, पण आवाज नीट ठेवला होता तिने.

“रायफल मी साफ करून ठेवते गं. पुढच्या रविवारी तुला लागेल.” मग म्हणाली, “पण मानलं तुला. त्या वाऱ्यात दहा! मी तर तेव्हा सोडलीच नसती. कॉल काय दिला होतास?”

संघमित्राने पट्ट्याचं बक्कल हातात धरून ठेवलं.

“आठवत नाही,” ती म्हणाली.

गेल्या पावसाळ्यात मारलेल्या गोळ्यांचे कॉल ही मुलगी जेवताना मला सांगते. वेणू म्हणते, हिला पाढ्यांऐवजी हेच पाठ आहे. आठवत नाही हे शब्द मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले, आणि माझ्या कानातली खरखर थांबली. मी बरोबर ऐकलं होतं.

उन्नती हसली आणि रायफलीकडे गेली. मी टेबलाकडे गेलो.

शर्मिला मॅडमचा चहा संपत आला होता.

“मॅडम,” मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. “मॅडम.”

“बोला काका.”

“ती... दोन गोळ्या एकदम आल्या होत्या ना. त्यातली आठाची गोळी बहुतेक आमच्या मुलीची होती.”

“बहुतेक?”

मी त्यांना कॉल सांगितला, कानाची रीत सांगितली. लांबण लागली. मधे दोनदा मी माफ करा म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तिने आठ म्हटलेलं तुम्ही ऐकलंत.”

“हो. म्हणजे, बहुतेक.”

त्या हसल्या. चांगलं हसल्या, आपल्या वडिलांकडे बघून हसतात तसं.

“काका, बहुतेकवर मी कुणाचे गुण कापत नाही. शंका असली की फायदा मुलीचा. तुम्ही येऊन सांगितलंत, झालं तुमचं काम. घरी जा, पेढे वाटा.”

मला वाटलं, सुटलो. सांगायचं ते सांगितलं आणि दहाही राहिले. मी वळलो तर मागे संघमित्रा उभी. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्या चेहऱ्यावर काय बघायला हवं होतं मला माहीत नाही. तिथे सुटका होती. अगदी माझ्याच तोंडावर असणार तशीच. ती बघितली आणि मला माझीच किळस आली. आयुष्यभर मी ‘बहुतेक’ हा शब्द संकोचाचा म्हणून वापरला. त्या टेबलापाशी मी तो चोरवाटेसारखा वापरला होता.

मी परत वळलो.

“नक्की,” मी म्हणालो. जरा जोरातच म्हटलं गेलं. तेजसनेही मान वर करून बघितलं.

“काय नक्की?”

“सात वाजता, आठ. ती म्हणाली. मी नक्की ऐकलं. माझा डावा कान चांगला आहे.”

शर्मिला मॅडमनी कप खाली ठेवला. “काय गं? खरं आहे?”

संघमित्राने जाकिटाचा पट्टा सोडला. रस्त्यावरून न्हावा शेव्याला जाणारा ट्रेलर गेला, त्याची घरघर खाणीच्या कड्यांवरून फिरून आली आणि विरली.

“हो,” ती म्हणाली. “आठ माझी आहे.” मग खाली बघत म्हणाली, “आणि मॅडम, नंतरच्या गोळ्यांना मी कॉल दिला नाही.”

“त्याचा नियमाशी काही संबंध नाही.”

“माहीत आहे.”

मॅडमनी फळ्यावरचा आकडा बोटाने पुसला आणि दुसरा लिहिला. दोन गुण गेले. संघमित्रा उन्नतीपेक्षा एका गुणाने मागे आली. उन्नती फडकं हातात धरून तशीच उभी होती. तिला हसावं की काय करावं ते सुचत नव्हतं.

“म्हणजे तो दहा माझाच होता!” यशराज म्हणाला. “बोललो होतो ना मी! मग आता माझं काय?”

“शून्य,” मॅडम म्हणाल्या.

“च्यायला. मग खरं निघून फायदा काय झाला?”

“तुला नाय झाला,” नामदेव कॅमेऱ्याची तिपाई मिटत, उन्नतीकडे बघून म्हणाला. “तिला झाला.”

परत येताना मी स्कूटरवर मागे बसलो. संघमित्रा चालवत होती. तिच्या पाठीकडे बघत मी दहा वाक्यं तयार केली आणि दहाही सोडून दिली. दोन्ही बाजूंना कंटेनरच्या भिंती सरकत होत्या. सिग्नलला ती थांबली आणि हेल्मेटची काच वर केली.

“आबा.”

“हं.”

“मी हळू म्हणाले होते ना?”

“हो.”

“मुद्दाम नाही. गोळी सुटतानाच कळलं होतं, म्हणून आवाज निघेना.” थोडं थांबून म्हणाली, “पण तुम्ही ऐकलं होतंत, तर इतका वेळ का लावलात?”

“तू का लावलास?”

तिने पुढेच बघितलं. “मला वाटलं तुम्ही स्वतःवर विश्वास ठेवणार नाही. नेहमीसारखा.”

मलाही तसंच वाटलं होतं.

सिग्नल सुटला. मागच्या ट्रेलरने हॉर्न दिला. ती निघाली नाही.

“चिडलीयेस?”

“खूप,” ती म्हणाली. “तुमच्यावर थोडीच. तरी आज बोलू नका माझ्याशी.”

“बरं.”

दुसरा हॉर्न आला, लांबलचक. तिने काच खाली केली आणि गाडी सोडली. कळंबोलीच्या वळणावर तिनेच मान किंचित वळवून ओरडून विचारलं, “पुढच्या रविवारी दहा मीटरला येणार का?”

“तिथे कॅमेरा नसतो ना?”

“नसतो. कागद हातात घेऊन बघता येतो.”

“मग कान कशाला?”

“लागतो,” ती म्हणाली, आणि पुढच्या कंटेनरला ओलांडायला तिने गाडी उजवीकडे घेतली. मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.